‘अभिक्रिया नाही’ या दोन शब्दांची अडुसष्ट वर्षं

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी माझीच जुनी लॅब नोटबुकं चाळत होते. एका पानावर तारीख, दोन अभिकर्मकांची नावं आणि खाली दोनच शब्द: ‘अभिक्रिया नाही’. बस्स. तापमान किती होतं, किती तास ढवळलं, टीएलसी काढली होती की फ्लास्ककडे नुसतं बघून ठरवलं, यातलं काहीच लिहिलेलं नाही. गाईडनी ते पान बघितलं आणि एवढंच विचारलं, "म्हणजे नक्की काय झालं नाही?" मला उत्तर देता आलं नाही. प्रयोग पुन्हा करावा लागला. आठवडा गेला.

माझा आठवडाच गेला, हे नशीब. रसायनशास्त्राच्या इतिहासात याच दोन शब्दांनी अडुसष्ट वर्षं खाल्ली आहेत. तुम्ही प्रवेश परीक्षेची, प्रपोजलची तयारी करत असाल तर ही गोष्ट तुम्हाला तुकड्यातुकड्यांत माहीत असेलच. नोट्समध्ये ती दोन ओळींत संपते: निष्क्रिय वायू अभिक्रिया करत नाहीत, १९६२ मध्ये बार्टलेटने झेनॉनचं संयुग केलं. पण या दोन वाक्यांच्या मधे जे घडलं तेच खरं तर आपल्या कामाचं आहे. म्हणून आज जरा सविस्तर सांगते.

गोष्टीची सुरुवात वजनकाट्यापासून होते. लॉर्ड रॅले हे भौतिकशास्त्रज्ञ. सगळ्या मूलद्रव्यांचे अणुभार हायड्रोजनच्या पूर्ण पटीत असतात, ही प्राउट यांची जुनी कल्पना तपासायला म्हणून ते वायूंची घनता अतिशय काटेकोरपणे मोजत होते. हायड्रोजन झाला, ऑक्सिजन झाला, मग नायट्रोजनची पाळी आली. नायट्रोजन त्यांनी दोन पद्धतींनी मिळवला. एक, हवेतला ऑक्सिजन तापलेल्या तांब्यावर काढून टाकून. दुसरी, हवा अमोनियातून नेऊन मग तापलेल्या तांब्यावरून सोडून. यात हवेतला ऑक्सिजन अमोनियातल्या हायड्रोजनशी जुळून जातो आणि थोडा नायट्रोजन अमोनियातूनही येतो. दोन्हीकडचा वायू एकच, तर घनताही एकच यायला हवी. पण अमोनियाच्या वाटेने आलेला नायट्रोजन साधारण हजारात एक भाग हलका भरत होता.

आता तुम्ही असता तर काय केलं असतं? खरं सांगायचं तर मी सरासरी काढली असती आणि पुढे गेले असते. हजारात एक म्हणजे काय हो! रॅले यांनी उलटं केलं. दुसऱ्या पद्धतीत हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन वापरला, म्हणजे सगळाच नायट्रोजन अमोनियातून येईल अशी सोय केली. फरक एकदम वाढून दोनशेत एक झाला. विसंगती दिसली की ती झाकावीशी वाटते, पण करायचं असतं ते म्हणजे ती आणखी मोठी करून बघायची, असं त्यांनी पुढे एका व्याख्यानात सांगितलं. माझ्या मते रिसर्च मेथडॉलॉजीच्या अख्ख्या पेपरात एवढी कामाची गोष्ट क्वचित सापडेल.

१८९२ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी ‘नेचर’ला पत्र पाठवून रसायनशास्त्रज्ञांनाच विचारलं, की याचं कारण कुणाला सुचतंय का? स्वतःही ते एकेक शंका निकालात काढत होते. हलक्या वायूत थोडा हायड्रोजन राहून गेला असेल का? मग जड वायूत मुद्दाम हायड्रोजन मिसळला आणि तो तापलेल्या कॉपर ऑक्साइडवर पूर्ण निघून जातो, हे दाखवलं. अमोनियातून आलेल्या नायट्रोजनचे काही रेणू तुटलेले असतील का? मग तो वायू आठ महिने तसाच साठवून ठेवून पुन्हा तोलला. घनता तीच. नायट्रोजनच्या ऑक्साइडांतून, अमोनियम नायट्राइटमधून, जिथून जमेल तिथून त्यांनी नायट्रोजन काढला. रसायनांतून काढलेला सगळा नायट्रोजन एकीकडे आणि हवेतला दुसरीकडे. त्यांच्या काचेच्या गोळ्यात हवेतला नायट्रोजन सुमारे २.३१० ग्रॅम भरायचा आणि रसायनातला सुमारे २.२९९ ग्रॅम. फरक अकरा मिलिग्रॅमचा.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले विल्यम रॅमसे आता यात आले. हवेतल्या नायट्रोजनमध्येच काहीतरी जड मिसळलेलं असणार, असं त्यांनी धरलं. तापलेलं मॅग्नेशियम नायट्रोजन खाऊन टाकतं, मॅग्नेशियम नायट्राइड बनतं. रॅमसे तोच वायू तापलेल्या मॅग्नेशियमवरून पुन्हा पुन्हा फिरवत राहिले. वायू कमी होत गेला आणि उरलेल्याची घनता चढत गेली, हायड्रोजनच्या तुलनेत १४ वरून थेट १९-२० पर्यंत. शेवटी जे उरलं ते मॅग्नेशियमलाही दाद देत नव्हतं. १३ ऑगस्ट १८९४ ला ऑक्सफर्डच्या ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत दोघांनी नव्या वायूची बातमी जाहीर केली. नाव पडलं अरगॉन, म्हणजे ग्रीकमध्ये ‘काम न करणारा’. आपल्याकडे आळशीच म्हटलं असतं.

इथे एक मागचा धागा जोडायला हवा. १७८५ मध्ये हेन्री कॅव्हेंडिश यांनी हवेत जादा ऑक्सिजन मिसळून विजेच्या ठिणग्या सोडल्या होत्या. नायट्रोजनची ऑक्साइडं बनली, ती अल्कलीत विरघळली, आणि शेवटी एक बारीक बुडबुडा उरला. किती, तर नायट्रोजनच्या एकशेविसाव्या भागापेक्षा जास्त नाही, असं त्यांनी लिहून ठेवलं. तो बुडबुडा म्हणजे मुख्यतः अरगॉन. कॅव्हेंडिश यांना ते कळलं नव्हतं, पण त्यांनी आकडा लिहिला होता. ‘जवळजवळ सगळा वायू शोषला गेला’ असं लिहून मोकळे झाले असते, तर एकशेनऊ वर्षांनी रॅले आणि रॅमसे यांना पडताळून बघायला काही मिळालंच नसतं.

असो. अरगॉन मिळाल्यावर पुढचा प्रश्न, हा कशाशी जुळतो? रॅले आणि रॅमसे यांनी १८९५ च्या निबंधात केलेल्या खटपटींची यादीच दिली आहे. ठिणग्यांच्या साहाय्याने ऑक्सिजन, हायड्रोजन, क्लोरिन. तापवून फॉस्फरस, गंधक, सोडियम, पोटॅशियम. आम्लराज, परमँगनेट. कशालाच हा वायू बधला नाही. पण लक्षात घ्या, त्यांनी तिथेच मान्य केलं की शक्य असलेली सगळी अभिकर्मकं आम्ही संपवली असा आमचा दावा नाही. म्हणजे त्यांचं विधान सीमित होतं: या वायूने, या पदार्थांशी, या परिस्थितीत अभिक्रिया केली नाही.

उरलेला सगळ्यात मोठा पत्ता म्हणजे फ्लोरिन. तो मोकळ्या रूपात मिळवला होता पॅरिसच्या आंरी म्वासाँ यांनी, २६ जून १८८६ ला. त्यासाठी त्यांना १९०६ चं नोबेलही मिळालं. रॅमसे यांनी त्यांच्याकडे १०० घन सेंटिमीटर अरगॉन पाठवला. म्वासाँ यांनी तो फ्लोरिनबरोबर ठेवून ठिणग्या सोडून बघितलं. काही झालं नाही.

या १०० घन सेंटिमीटरवर जरा थांबू या, कारण पुढची सगळी गल्लत इथूनच सुरू होते असं मला वाटतं. १८९५ मध्ये म्वासाँ यांच्या हातात अरगॉन होता. झेनॉन तेव्हा सापडलाच नव्हता. रॅमसे आणि त्यांचे तरुण सहकारी मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी १८९८ च्या मे ते जुलै या काळात क्रिप्टॉन, नियॉन आणि झेनॉन शोधले, द्रवरूप हवेचे आणि अरगॉनचे भाग वेगळे करून. झेनॉन इतका विरळ की हवेच्या साधारण एक कोटी पंधरा लाख भागांत त्याचा एक भाग. तो प्रयोगाला मिळणार कुणाला? पण आवर्तसारणीत हे सगळे एका उभ्या रांगेत बसले, शून्य गण असं नाव मिळालं, आणि अरगॉनवर केलेल्या प्रयोगाचा निकाल अख्ख्या कुटुंबाला लागू झाला. एका भावाची तपासणी, दाखला मात्र सगळ्यांना.

हेलियमची हकिकतही थोडक्यात सांगते, कारण तिच्यात आपल्यासारख्यांचा एक माणूस आहे. विल्यम हिलब्रँड हे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यातले रसायनतज्ज्ञ. युरेनियमची खनिजं सल्फ्युरिक आम्लात टाकली की एक सुस्त वायू निघतो, हे त्यांना १८९० च्या सुमारास दिसलं. त्यांनी तो नायट्रोजन ठरवला. अरगॉनचं एखादं संयुग निसर्गात सापडतंय का, या शोधात असलेल्या रॅमसे यांना कुणीतरी तो लेख दाखवला. त्यांनी १८९५ च्या मार्चमध्ये क्लेव्हाइट नावाच्या खनिजावर तोच प्रयोग केला, वर्णपट बघितला, आणि सूर्याच्या वर्णपटातली ती प्रसिद्ध पिवळी रेषा समोर दिसली. पृथ्वीवर हेलियम सापडला. पुढे हिलब्रँड यांनी रॅमसे यांना पत्र लिहून कळवलं की वर्णपटातल्या काही रेषा जुळत नव्हत्या हे मी पाहिलं होतं. पण वर्णपटाच्या कामात मी नवखा होतो, आणि नेहमीच्या कामातून आणखी वेळ काढणं मला प्रशस्त वाटेना. हे वाचून मला फार वाईट वाटलं. टीचिंग असिस्टंटशिप करत थीसिस लिहिणाऱ्या कुणालाही वाटेल.

हेलियमचा विषय निघालाच आहे तर कोकणातल्या वाचकांसाठी एक आडवाट. विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ दाखवतात आणि १८६८ च्या ग्रहणात नॉर्मन लॉकियर यांनी इथूनच हेलियम शोधला असं सांगतात. १८ ऑगस्टला तिथे हेलियमच्या नावाने कार्यक्रमही होतो. पण १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात जान्सेन गुंटूरला होते आणि लॉकियर इंग्लंडमध्ये. लॉकियर यांनी आपलं निरीक्षण त्या ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, तिथूनच केलं. मग विजयदुर्ग कुठून आलं? तर २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी लॉकियर खरोखरच विजयदुर्गला मोहीम घेऊन आले होते. त्याच ग्रहणाचं निरीक्षण पुण्याच्या सायन्स कॉलेजचे नेगमवाला यांनी जेऊरला केलं. ते कट्टे १८९८ चे असावेत आणि तीस वर्षांच्या अंतराची दोन ग्रहणं लोकांच्या आठवणीत एक झाली असावीत, असा माझा अंदाज. कुणाला गावाचा अपमान वाटू नये. लॉकियर आले होते, हे खरंच आहे. फक्त तारीख वेगळी. लिटरेचर रिव्ह्यू करताना मूळ नोंदीपर्यंत का जायचं, याचं इतकं जवळचं उदाहरण मला दुसरं मिळालं नाही.

परत मुख्य रस्त्यावर येऊ. १९१६ मध्ये लुईस आणि कोसेल यांनी रासायनिक बंधांची इलेक्ट्रॉनांवर आधारलेली मांडणी केली. अष्टकाचा नियम आपण तिथूनच शिकतो. या मांडणीला आधार कुठला? तर निष्क्रिय वायू स्थिर आहेत, म्हणून त्यांची इलेक्ट्रॉनरचना ‘पूर्ण’, आणि बाकीची मूलद्रव्यं त्या रचनेकडे जाऊ बघतात. पुढे वर्गात हेच उलटं शिकवलं जाऊ लागलं: त्यांचं अष्टक पूर्ण आहे, म्हणून ते अभिक्रिया करत नाहीत. गोल गोल फिरतंय ना? निरीक्षणावरून सिद्धांत, आणि सिद्धांतावरून तेच निरीक्षण अटळ. गंमत म्हणजे खुद्द कोसेल यांनी क्रिप्टॉन-झेनॉनची फ्लोराइडं शक्य असावीत असं १९१६ मध्येच सुचवलं होतं. पाठ्यपुस्तकांनी अष्टक उचललं, शंका तिथेच ठेवली.

शंकेला आधार मोजमापाचाच होता. एक इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा, म्हणजे पहिली आयनीभवन ऊर्जा, बघा. हेलियमची २४.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, नियॉनची २१.६, अरगॉनची १५.८, क्रिप्टॉनची १४.०, झेनॉनची १२.१. वरून खाली येईपर्यंत निम्मी होते. झेनॉनचा अणू मोठा, बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब, पकड सैल. ज्या गुणधर्माच्या जोरावर ‘हे इलेक्ट्रॉन सोडणार नाहीत’ म्हणायचं, तोच गुणधर्म रांगेत इतका बदलतोय. मग सगळ्यांना एकच शेरा कसा?

लायनस पॉलिंग यांनी १९३३ मध्ये हाच हिशेब पुढे नेला. आयनांच्या आकारमानावरून त्यांनी झेनॉन हेक्झाफ्लोराइड असू शकेल असं भाकीत केलं आणि कॅलटेकमधले आपले सहकारी डॉन योस्ट यांना करून बघायला सांगितलं. योस्ट आणि त्यांचा संशोधक विद्यार्थी आल्बर्ट के कामाला लागले. झेनॉन मिळवायचा तर ओळखीतून; थोडासाच मिळाला. फ्लोरिन बाटलीत विकत मिळण्याचे दिवस नव्हते, तो स्वतः बनवायचा आणि तो हात, काच, सगळं खाणार. त्यांनी झेनॉन आणि फ्लोरिनच्या मिश्रणातून विद्युतविमोचन केलं. ओळखता येईल असं संयुग मिळालं नाही.

इथे त्या दोघांचं कौतुक करायला हवं. फसलेला प्रयोग त्यांनी छापला. कसा केला ते लिहिलं, आणि झेनॉनचं फ्लोराइड असूच शकत नाही असा याचा अर्थ होत नाही, असंही बजावलं. अगदी रॅमसेंसारखी सावध भाषा. पण वाचणाऱ्यांनी काय वाचलं? पॉलिंगनी सांगितलं, कॅलटेकने करून बघितलं, झालं नाही. विषय बंद.

आता दुखरी गोष्ट. झेनॉन आणि फ्लोरिनचं कोरडं मिश्रण काचेच्या फ्लास्कमध्ये नुसतं उन्हात ठेवलं तरी झेनॉन डायफ्लोराइडचे स्फटिक तयार होतात, हे १९६० च्या दशकात दिसून आलं. (करून बघायला जाऊ नका. फ्लोरिन हा विनोद नाही.) म्हणजे १९३३ मध्ये ते किती जवळ होते, बघा. थोडा जास्त झेनॉन, थोडी वेगळी परिस्थिती, आणि त्या विद्यार्थ्याचा थीसिस रसायनशास्त्राच्या इतिहासात गेला असता. अर्थात हे मागे वळून बोलणं सोपं आहे, हे मलाही कळतं.

पण पुढच्या एकोणतीस वर्षांबद्दल मात्र मला सहज माफ करता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात युरेनियम हेक्झाफ्लोराइडच्या गरजेपोटी फ्लोरिन हाताळायचं तंत्र कुठल्या कुठे गेलं. निकेलची भांडी आली, मोठ्या प्रमाणावर फ्लोरिन बनू लागला. १९५० च्या दशकात शिकागोजवळच्या अर्गोन प्रयोगशाळेत प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड हा गडद लाल वाफेचा, महाभयंकर ऑक्सिडीकारक पदार्थ तयार झाला. योस्ट आणि के यांच्यापुढच्या अडचणी एकेक करून सुटल्या होत्या. उरली होती ती फक्त समजूत.

ती मोडली कॅनडात, व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात. नील बार्टलेट तेव्हा जेमतेम तिशीचे होते. झेनॉन त्यांच्या डोक्यातही नव्हता. प्लॅटिनमच्या क्षारांवर काचेच्या उपकरणात फ्लोरिन सोडताना एक लालसर घनपदार्थ मिळत होता. आधी त्यांना वाटलं हे प्लॅटिनमचं ऑक्सिफ्लोराइड असेल. त्यात ऑक्सिजन होता हे खरं, तो काचेतूनच येत होता. पण गुणधर्म काही बसेनात. डेरेक लोमन या आपल्या विद्यार्थ्याबरोबर त्यांनी शेवटी सिद्ध केलं की या क्षारात ऋण भाग आहे प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइडचा आणि धन भाग आहे चक्क ऑक्सिजनच्या रेणूचा. म्हणजे ज्याच्या नावावरून ‘ऑक्सिडीकरण’ हा शब्द आला, त्या ऑक्सिजनचाच इलेक्ट्रॉन कुणीतरी काढून घेतला होता! पडताळा म्हणून ऑक्सिजन आणि प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइडची वाफ थेट एकत्र केली. साध्या खोलीच्या तापमानाला तोच पदार्थ मिळाला.

यानंतर वर्गात शिकवण्याची तयारी करताना बार्टलेट यांच्यासमोर आयनीभवन ऊर्जेचा आलेख आला. ऑक्सिजनच्या रेणूची ऊर्जा सुमारे १२.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. झेनॉनची? तीही सुमारे १२.१. तो आलेख पुस्तकात छापलेला होता. जगातल्या कितीतरी प्राध्यापकांनी तो फळ्यावर काढला असेल. ज्याने एकदा एवढाच इलेक्ट्रॉन ओढून दाखवलाय, तो पदार्थ हातात असलेल्या माणसाने तो बघितला, हा फरक.

२३ मार्च १९६२. संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास बार्टलेट लॅबमध्ये एकटेच होते. उपकरणाच्या एका भागात प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइडची लाल वाफ, दुसऱ्यात रंगहीन झेनॉन, मधे काचेचा पातळ पडदा. पडदा फोडला. लाल रंग गेला आणि नारिंगी-पिवळा घनपदार्थ भिंतींवर बसला, क्षणात, खोलीच्या तापमानाला. कुणालातरी सांगावं म्हणून ते बाहेर आले, तर सगळे जेवायला गेलेले.

जूनमध्ये छोटीशी टिपणवजा नोंद छापून आली. मग काय झालं ते बघा. अर्गोनमध्ये क्लासेन, सेलिग आणि माम यांनी झेनॉन आणि फ्लोरिन निकेलच्या डब्यात ४०० अंश सेल्सियसला साधारण तासभर तापवले आणि थंड केले. झेनॉन टेट्राफ्लोराइडचे स्वच्छ स्फटिक! प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइडसारख्या अस्त्राचीही गरज नव्हती. त्यांच्याकडे तो पदार्थ पाच वर्षं पडून होता, फ्लोरिन होता, निकेलची भांडी होती. त्याच वर्षी जर्मनीत म्युन्स्टरला रुडॉल्फ हॉपे यांनी स्वतंत्रपणे झेनॉन डायफ्लोराइड केलं. पॉलिंग यांचं हेक्झाफ्लोराइडही लवकरच हाती आलं, पुढच्या वर्षी क्रिप्टॉनचं डायफ्लोराइड. ‘निष्क्रिय’ हा शब्द इंग्रजीतल्या पुस्तकांनी हळूहळू सोडला. मराठीत आपण ‘राजवायू’ म्हणतो आणि शेजारीच ‘निष्क्रिय वायू’ही छापतो. म्हणजे शेरा अजून नावाला चिकटलेलाच आहे.

यशाच्या गोष्टीत एक गोष्ट सहसा गाळली जाते. १९६३ च्या जानेवारीत बार्टलेट आणि त्यांचा विद्यार्थी पी. आर. राव नव्याने तयार झालेले झेनॉनच्या संयुगाचे स्फटिक बघत होते. नीट दिसावं म्हणून दोघांनी संरक्षक चष्मे काढले. स्फोट झाला. दोघांच्या डोळ्यांत काचा गेल्या, कित्येक आठवडे दोघं रुग्णालयात होते. बार्टलेट यांच्या डोळ्यातला शेवटचा तुकडा सत्तावीस वर्षांनी निघाला. ज्या मूलद्रव्याला सात दशकं आळशी म्हटलं, त्याची ही संयुगं. ‘दोन मिनिटांसाठी काय गॉगल घालायचा’ असं म्हणणारे आमच्या लॅबमध्येही आहेत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आणखी एक. बार्टलेट यांनी १९६२ मध्ये त्या नारिंगी-पिवळ्या पदार्थाचं जे साधं सूत्र दिलं, एक झेनॉनचा धन आयन आणि एक हेक्झाफ्लोरोप्लॅटिनेटचा ऋण आयन, ते पुरतं बरोबर नव्हतं. तो एकसंध पदार्थच नव्हता. झेनॉनला फ्लोरिनचा अणू जोडलेला धन आयन आणि प्लॅटिनमचे वेगवेगळे फ्लोराइड आयन, असं ते मिश्रण निघालं. खुद्द बार्टलेट सहलेखक असलेला, त्या पदार्थाच्या स्वरूपावरचा एक निबंध २००० साली, म्हणजे अडतीस वर्षांनी आला. झेनॉन अभिक्रिया करतो हा दावा मात्र पहिल्या संध्याकाळपासून पक्का होता. सूत्र चुकलं तरी निष्कर्ष टिकला. व्हायवाच्या भीतीने रात्री झोप न लागणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

आणि तो म्वासाँचा अरगॉन? तोही शेवटी २००० सालीच बधला. हेलसिंकीच्या संशोधकांनी घनरूप अरगॉनमध्ये हायड्रोजन फ्लोराइड अडकवून त्यावर अतिनील प्रकाश सोडला आणि अरगॉन, हायड्रोजन, फ्लोरिन असे तीन अणू जुळलेला रेणू अवरक्त वर्णपटात ओळखला. तापमान होतं निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम साडेसात अंश. त्यांच्या निबंधात ते तापमान छापलेलं आहे, किती तीव्रतेच्या रेषा कुठे दिसल्या तेही. माझ्या नोटबुकातल्या त्या पानावर आता मीही तापमान लिहिलंय: ६० अंश, १२ तास, टीएलसीवर सुरुवातीचाच ठिपका.